प्रवेश मिळतो, कॉट मिळत नाही

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक चांगला निर्णय घेतला. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. जालना-परभणीकडच्या एखाद्या शेतकरी घरात मुलीला पुण्याला इंजिनीअरिंगला पाठवायचे की नाही, या हिशेबातला एक मोठा आकडा त्या दिवशी शून्यावर आला. दुसरा आकडा मात्र होता तिथेच राहिला आणि दरवर्षी वाढतोच आहे. ती राहणार कुठे, आणि त्याचे महिन्याला किती पडणार? आपल्याकडे उच्च शिक्षणाची चर्चा फी, जागा, आरक्षण, अभ्यासक्रम आणि प्लेसमेंट यांच्याभोवती फिरते. राहण्याची सोय हा पालकांनी आपापला सोडवायचा घरगुती प्रश्न समजला जातो. माझ्या मते गावाकडून शहरात येणाऱ्या विद्यार्थ्याचे शिक्षण आधी या प्रश्नापाशी अडते, फीचा प्रश्न नंतर येतो. सरकारने तो ठरावीक रोख भत्ता देऊन बाजारावर सोपवला आहे, आणि धोरण चुकते ते तिथेच.

पुणे हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठ स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींनी भरलेल्या आहेत. कर्वेनगर, धनकवडी, कात्रज, आकुर्डी हा भाग इंजिनीअरिंग आणि इतर महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी. पेठांमध्ये खोली भाड्याने मिळत नाही, कॉट मिळतो. ‘कॉट बेसिस’ हा शब्द आता तिथल्या विजेच्या खांबांवर, झेरॉक्सच्या दुकानांत, अभ्यासिकांच्या जिन्यात सगळीकडे चिकटवलेला दिसतो. जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट घ्या. हॉलमध्ये चार लोखंडी कॉट, आतल्या दोन्ही खोल्यांत तीन-तीन, कॉटखाली ट्रंक आणि पुस्तकांची खोकी, दहा जणांत एक किंवा दोन बाथरूम, आणि एका प्लगला लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर सगळ्यांचे मोबाइल. एका कॉटला महिन्याला साधारण तीन ते पाच हजार. दहा कॉटचे मिळून मालकाच्या हाती जे येते, ते कुठलेही मध्यमवर्गीय कुटुंब त्या फ्लॅटला द्यायला तयार होणार नाही. म्हणजे शहरातला सर्वांत गरीब भाडेकरू चौरस फुटामागे सर्वांत महाग भाडे भरतो आहे. एवढ्या गर्दीत वाचन होत नाही, म्हणून अभ्यासिकेतल्या एका खुर्चीचे महिन्याला हजार किंवा त्याहून जास्त वेगळे द्यायचे. स्वयंपाकाला परवानगी नसते, म्हणून मेसचे तीन हजारांच्या आसपास वेगळे. झोपणे, अभ्यास आणि जेवण ही घराची तीन साधी कामे हा विद्यार्थी तीन ठिकाणी, तीन मालकांकडून विकत घेतो. शिवाय आल्या आल्या डिपॉझिट आणि बहुतेक वेळा एजंटचे एक महिन्याचे भाडे.

या खर्चासमोर सरकारी मदत ठेवून पाहू. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांसाठी तिची वार्षिक रक्कम ६० हजार ठरली. त्यात भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार. निवासाचे २० हजार बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला १,६६७ रुपये पडतात. दहाच महिने धरले तरी २ हजार. या पैशात पेठेत एक कॉटही येत नाही. २०२३ मध्ये इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली, तीही याच आकड्यांवर बेतलेली. मधल्या सात वर्षांत भाडी कुठल्या कुठे गेली, पण निवासाच्या रकमेचा बाजारभावाशी संबंध जोडावा असे कुणाला वाटले नाही. त्यात वेळेची अडचण. डिपॉझिट जून-जुलैत हातावर ठेवावे लागते. भत्ता मंजूर होऊन खात्यात येतो तो प्रवेश, उपस्थिती, भाडेकरार, आधार जोडणी असे सगळे कागद पुरे झाल्यावर, आणि हप्ता उशिरा आल्याची तक्रार जवळपास दरवर्षी असते. मधल्या महिन्यांचे भाडे घरच्यांनी उसने काढून भरायचे. ज्याला उसने मिळत नाही त्याला या योजनेचा काही उपयोग नाही, आणि योजना नेमकी त्याच्यासाठी आहे.

रोख भत्त्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो हलका नाही. सरकारने इमारती बांधायच्या, त्यात गळकी छते, निकृष्ट जेवण आणि गैरहजर गृहपाल पोसायचे, त्यापेक्षा पैसे थेट विद्यार्थ्याच्या हातात द्यावेत. तो आपल्या सोयीने जागा शोधेल आणि मागणी पाहून बाजार जागा तयार करेल. यातला पहिला भाग पटण्यासारखा आहे. दुसरा भाग पुण्यात खरा ठरलेला नाही. पेठांमधल्या जुन्या इमारतींत नव्या खोल्या उगवत नाहीत, तिथे फक्त कॉट वाढतात. पुरवठा जागच्या जागी असताना हजारो विद्यार्थ्यांच्या हातात थोडे थोडे पैसे दिले, तर ते भाड्यात जिरतात. बाहेरच्या भागात खासगी होस्टेलच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत हे खरे. त्या एसी, वायफाय, जिम आणि हाउसकीपिंगसह परराज्यांतून येणाऱ्या सधन विद्यार्थ्यांसाठी आहेत. गुंतवणूकदार पैसा लावतो तो परताव्यासाठी, आणि १,६६७ रुपयांच्या भाड्यात परतावा नाही. या तळच्या थरासाठी बाजार काही बांधणार नाही, हे गृहीत धरूनच धोरण आखायला हवे.

भोजनाच्या बाबतीत हा प्रयोग करून झाला आहे. एप्रिल २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या आपल्या वसतिगृहांमधली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात देण्याचा निर्णय घेतला. त्या जुलैत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे हातात येण्याविरुद्ध तरुण मुले मोर्चा काढतात, हे तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटले. त्यांचे म्हणणे सरळ होते. हप्ता लांबला की उपाशी राहावे लागते, आणि घरी अडचण असेल तर जेवणाचे पैसे गावाकडे जातात. वसतिगृहातले ताट नंदुरबारच्या पाड्यावर पाठवता येत नाही, म्हणून ते विद्यार्थ्याच्या पोटात जाते. निवासाचेही तेच आहे. गरीब घरातल्या पैशाला दहा वाटा असतात. कॉटवर फक्त झोपता येते, आणि हाच त्याचा फायदा आहे.

खरे तर ही गोष्ट महाराष्ट्राने नव्याने शिकण्याची गरज नव्हती. या प्रांतात बहुजनांचे शिक्षण वाढले ते केवळ वर्गांतून नाही, बोर्डिंगांतूनही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशा समाजांची बोर्डिंगे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. कॉलेज आणि हायस्कूल कोल्हापुरात होतेच. खेड्यातला मुलगा तिथे पोहोचत नव्हता, कारण शहरात त्याला कुणी घरात घेत नव्हते. महाराजांनी अडचण ओळखली ती ही. त्यांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, वार्षिक अनुदाने लावून दिली. जातवार बोर्डिंगांच्या मर्यादा होत्या, आणि पुढची पिढी त्या ओलांडून गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका छताखाली, एका पंक्तीत आणली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिले गेले. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. औरंगाबादेत १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू झाले तेव्हाही वसतिगृह त्याच्या जोडीला होते, आणि नागसेनवन या त्याच्या परिसरातल्या खोल्यांमधून दलित लेखक-कार्यकर्त्यांची एक पिढी घडली. पुण्यात अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली, तिने आपले सगळे काम ग्रामीण गरजू विद्यार्थ्यांच्या निवास आणि भोजनावर केंद्रित केले. आजच्या सरकारच्या तुलनेत फाटक्या खिशाच्या या माणसांना आणि संस्थांना एक गोष्ट नेमकी कळली होती. फी माफ करणे पुरेसे नाही, मुलाला शहरात टेकायला जागा लागते.

मग हा धागा तुटला कुठे? एक कारण शिक्षणातले आहे. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित इंजिनीअरिंग आणि इतर व्यावसायिक महाविद्यालये झपाट्याने वाढली, पण जागा मंजूर करताना त्या जागांवर येणारी मुले राहणार कुठे, याचा विचार संस्थांच्या इच्छेवर सोडला गेला. दुसरे कारण शहरांच्या घरबांधणीत आहे आणि ते जास्त खोल आहे. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार देशातल्या शहरांमधला भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. २०१२ मध्ये केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख काढली, त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतली. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरांमध्ये १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार. घरे आहेत, पण ती भाड्याने निघत नाहीत, आणि निघतात ती गरिबाला परवडत नाहीत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने गोठवलेल्या भाड्यांची भीती घरमालकांच्या मनातून १९९९ चा नवा कायदा आल्यावरही पूर्ण गेली नाही. सरकारांनीही भाड्याच्या घराकडे पाठ फिरवून सगळा भर मालकीच्या घरावर दिला. विद्यार्थ्याला घर विकत घ्यायचेच नसते. त्यामुळे गृहनिर्माणाच्या प्रत्येक योजनेत तो नजरेआड राहतो. करोनाच्या टाळेबंदीनंतर जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना आणली, तिच्या लाभार्थ्यांत विद्यार्थ्यांचा उल्लेख होता. सरकारी योजनांतली लाखाच्या वर रिकामी घरे त्यासाठी हाताशी होती. पहिल्या काही वर्षांत त्यातली काही हजारच वापरात आली.

कायद्यालाही हा भाडेकरू नीट ओळखता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. कॉट बेसिसवर असा करार क्वचित होतो. डिपॉझिट परत न मिळणे, महिना संपायच्या आत जागा सोडायला सांगणे, परीक्षेच्या तोंडावर भाडे वाढवणे, यांविरुद्ध विद्यार्थ्याच्या हातात कागद नसतो. आणि हाच कागद सरकारी भत्त्यासाठी मागितला जातो. होस्टेल हे घर आहे की हॉटेल, यावरही बराच काळ एकमत नव्हते. २०२३ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात अग्रिम निर्णय प्राधिकरणाने होस्टेलच्या भाड्याला १२ टक्के जीएसटी लागू असल्याचे सांगितले. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने महिन्याला माणशी २० हजारांपर्यंतचे आणि सलग किमान ९० दिवसांचे वास्तव्य करमुक्त करून तो घोळ मिटवला. असा स्पष्टपणा भाडेकरारांतही आणता येईल. कॉटसाठी एक पानी नमुना करार, ऑनलाइन आणि विनाशुल्क नोंदणी, आणि केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे तशी दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा. चांगल्या मालकांचे यात काही बिघडत नाही.

या टंचाईचा सगळ्यात मोठा परिणाम मोजता येत नाही, कारण तो न आलेल्या विद्यार्थ्यांवर होतो. गुण असूनही तालुक्याच्या गावात मिळेल ती शाखा घेणारी मुलगी कुठल्याही आकडेवारीत गळती म्हणून नोंदली जात नाही. मुलींच्या बाबतीत पालकांचा पहिला प्रश्न सुरक्षित जागेचा असतो, आणि अनोळखी फ्लॅटमधल्या कॉटला ते बहुतेक नाही म्हणतात. त्यानंतर घरात लग्नाचा विषय निघायला वेळ लागत नाही. जे येतात त्यांच्यातही निवड होत असते. आडनाव विचारले जाते, मांसाहार चालणार नाही असे सांगितले जाते, मुस्लिम विद्यार्थ्याला कालपर्यंत रिकामी असलेली खोली आज भरलेली असते. विद्यापीठाच्या वसतिगृहात मित्राच्या खोलीत चोरून राहणाऱ्याला पुण्यात ‘पॅरासाइट’ म्हणतात. हा शब्द विद्यार्थ्यांनी स्वतःला सहजपणे लावून घेतला आहे, यावरून ही गोष्ट किती अंगवळणी पडली ते कळते. त्या खोलीत जमिनीवर झोपणारा आणि गृहपालांची तपासणी आली की दप्तर उचलून बाहेर पडणारा मुलगा घुसखोर नाही. नियमाने त्याला जागाच दिलेली नाही. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांचे हाल याहून वेगळे. ते कुठल्याच महाविद्यालयाच्या पटावर नसतात, त्यामुळे वसतिगृहाच्या नियमांत ते विद्यार्थीच ठरत नाहीत. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली गेली तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. त्या संतापामागे वाया गेलेल्या तयारीइतकाच पुढच्या महिन्यांच्या भाड्याचाही विचार होता. परीक्षा एक महिना लांबली की प्रत्येकामागे आठ-नऊ हजारांचा बोजा वाढतो, आणि तो घरातले कुणीतरी सोयाबीन किंवा शेळी विकून भरते.

सरकारी वसतिगृहे वाढवा म्हटले की त्यांच्या अवस्थेकडे बोट दाखवले जाते, आणि ते रास्त आहे. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. त्यानंतर कुठल्या तोंडाने आई-बापांना सांगायचे की सरकारी छत सुरक्षित आहे? पण यातून निघणारा निष्कर्ष वसतिगृहे नकोत असा नाही. ती नीट चालवायला स्वतंत्र यंत्रणा हवी, असा आहे. आज समाजकल्याण, आदिवासी विकास आणि बहुजन कल्याण ही खाती आपापली वसतिगृहे इतर शंभर कामांसोबत चालवतात. प्रत्येक जिल्ह्यात मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी इतर मागासवर्गीयांची ७२ वसतिगृहे जाहीर झाली, ती सुरू व्हायला बराच काळ गेला आणि सुरुवात करावी लागली ती भाड्याच्या इमारतींत. जर्मनीत हे काम विद्यापीठांपासून वेगळ्या अशा ५७ विद्यार्थी-सेवा संस्था करतात. वसतिगृहे आणि खानावळी हेच त्यांचे काम, राज्यांचे अनुदान आणि प्रत्येक विद्यार्थ्याची सत्राची छोटी वर्गणी यांवर त्या चालतात आणि त्यांच्याकडे दोन लाखांच्या जवळपास जागा आहेत. तिथेही प्रतीक्षायाद्या लांबलचक आहेत, पण निदान कुणाला जाब विचारायचा हे ठरलेले आहे. आपल्याकडे यासाठी नमुना बाहेरून आणण्याचीही गरज नाही. विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांनी कमी पैशांत, माजी विद्यार्थ्यांच्या आधारावर हे दशकानुदशके करून दाखवले आहे. सरकारने जमीन आणि बांधकामाचा खर्च द्यावा, चालवण्याचे काम अशा विश्वस्त संस्थांकडे द्यावे आणि वार्षिक तपासणी स्वतःकडे ठेवावी.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. सगळ्यांना पुण्यातच का आणायचे? जिल्ह्याजिल्ह्यांत चांगली महाविद्यालये, ग्रंथालये, अभ्यासिका उभ्या करा, शहरांवरचा भार आपोआप कमी होईल. हे करायलाच हवे. मात्र त्याने वसतिगृहाची गरज संपत नाही, ती जिल्ह्याच्या ठिकाणी सरकते. गडचिरोलीच्या आतल्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी रोज एसटीने जाऊन येणे अनेकांना अशक्यच असते. आणि घरापासून दूर जाणे हा शिक्षणाचाच एक भाग आहे, मुलींसाठी तर विशेष. शहरात वसतिगृहांसाठी जमीन नाही, ही सबब मात्र मला पटत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा आहे. शहरात सरकारी खात्यांच्या, महामंडळांच्या पडून असलेल्या जागा आहेत. टंचाई लांबू दिली की काय होते ते कॅनडात दिसले. तिथे घरांच्या तुटवड्याचे कारण पुढे करून २०२४ मध्ये विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा आली आणि खात्यात दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर गेली. त्यात मराठी मुलांचेही बेत मोडले. आपल्या शहरांत असा कुठला आदेश निघत नाही, पण भाड्याचा आकडा तेच काम करतो.

या सगळ्या उपायांतली एक गोष्ट तर जवळपास बिनखर्चाची आहे. आज केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीच्या यादीत विद्यार्थ्याला महाविद्यालय कळते आणि थोड्या दिवसांत तिथे हजर राहून जागा पक्की करावी लागते. वसतिगृहाचा अर्ज वेगळ्या खात्याकडे, वेगळ्या संकेतस्थळावर, प्रवेश झाल्यानंतर भरायचा असतो आणि त्याची यादी नंतर केव्हातरी लागते. म्हणजे पालकांना निर्णय घ्यायचा असतो तेव्हा खर्चाचा मोठा भाग अंधारात असतो. प्रवेशाच्या पसंतीक्रमातच वसतिगृहाचा रकाना ठेवता येईल, आणि जागा मिळाली की कॉट कुठे मिळाला हे त्याच यादीत छापता येईल. त्यासाठी उच्च व तंत्रशिक्षण, सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि बहुजन कल्याण या चार खात्यांनी आपल्या रिकाम्या जागांची माहिती मेअखेर एका ठिकाणी द्यावी लागेल.